काकांचा एक धड फोटो: जुन्या कॅमेऱ्याच्या प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

भिशी लागली. २०,००० रुपये हातात आलेत आणि यावेळी ते कशात घालायचे हे आधीपासून ठरलेलं आहे, कॅमेरा. नवीन नाही, तेवढ्यात चांगला नवीन येत नाही, म्हणून वापरलेला.

कारण लिहून ठेवते म्हणजे मध्येच मन भरकटलं तर परत इथे येऊन वाचता येईल. काका ३० वर्षं दशावतारात (आमच्या कोकणातल्या जत्रांमधलं लोकनाट्य) स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करतायत, सीता, द्रौपदी, मोहिनी, काय म्हणाल ते. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत लोक त्यांना ओळखतात आणि आमच्या घरात त्यांचा वेषातला एकही धड फोटो नाही. अल्बममध्ये एक आहे त्यात फ्लॅशमुळे डोळे लाल आणि कोपरापासून हात कापलेला. गेल्या जत्रेला मी मोबाईलवर नव्वदेक फोटो काढले, सगळ्यांत तोंड पांढरं फटक आणि हात हलला की नुसता फराटा. यंदा काका म्हणाले गुडघे ऐकत नाहीत, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही. आमच्या गावची जत्रा ५ डिसेंबरला आहे, म्हणजे साडेतीन महिने हातात आहेत, त्यात कॅमेरा घ्यायचा आणि तो वापरायला पण शिकायचं.

२२ ऑगस्ट

पतपेढीतून आल्यावर रोज दोन तास वाचतेय. पहिल्या दिवशी मेगापिक्सल मेगापिक्सल करत होते, आता कळलं की माझ्या कामाला ते जवळजवळ गौण आहे. माझा प्रश्न उजेडाचा आहे. रात्री एक वाजता देवळासमोर दोन ट्यूब आणि दोन एलईडी फोकस, त्यात माणूस नाचतोय.

उजेड दोन ठिकाणी मिळतो. एक सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग. साध्या छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो, आणि कॅननच्या साध्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) २२ बाय १५ च्या आसपास, क्षेत्रफळाचा हिशोब केला तर अकरा-बारा पट. म्हणून ६०एक्स झूम वगैरे लिहिलेले कॅमेरे यादीतून काढून टाकले, दिवसा पक्षी काढायला ठीक असतील पण रात्रीच्या नाटकाला नाहीत. दुसरं लेन्सचं भोक. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ ला जाते, आणि ५० एमएमची साधी लेन्स एफ १.८ ला उघडते. आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला तर साडेनऊ पटींच्या वर उजेड जास्त! म्हणजे एका लेन्सला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता किती वाढवायची तो आकडा) १२८०० लागेल तिथे दुसरीला १३०० च्या आसपास पुरेल, आणि आयएसओ कमी म्हणजे फोटोतला दाणा कमी.

तर माझं ठरलं, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) जुनी चालेल, दहा वर्षांपूर्वीची चालेल, पण ५० एमएम एफ १.८ बसली पाहिजे आणि तिच्यावर ऑटोफोकस चाललं पाहिजे. मिररलेस (आत आरसा नसलेले कॅमेरे) चांगले आहेत, पण लेन्सपर्यंत पोचेपर्यंत माझ्या बजेटमध्ये काही उरत नाही. पुढे कधीतरी.

३१ ऑगस्ट, शनिवार

कुडाळला एक कॅमेरा बघून आले. ९,००० सांगितलेले, दोन लेन्ससकट, म्हणून एवढ्या पावसात स्कूटी काढून गेले. माणूस अगदी सज्जन, चहा दिला, सगळं समोर ठेवलं. लॉकडाऊनच्या आधी घेतलेला, चार-पाच लग्नांत वापरला आणि मग बॅगेत घालून कपाटात.

मैत्रिणीने सांगितलं होतं की टॉर्च घेऊन जा. लेन्सची दोन्ही झाकणं काढली, भोक पूर्ण उघडं केलं आणि मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका मारून पुढून बघितलं. सरळ बघितलं तेव्हा काच लख्ख होती. तिरकं केल्याबरोबर कडेपासून आत येणारे बारीक पांढरे तंतू दिसले, कोळ्याचं जाळं कसं कोपऱ्यातून सुरू होतं तसे, आणि मधे दोन ठिकाणी कापसाच्या ठिपक्यासारखं. बुरशी. दुसऱ्या लेन्समध्ये पण तेच, थोडं कमी. त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं, त्याने स्वतः डोळा लावून बघितलं आणि गप्प बसला. मला वाईट वाटलं, कारण त्याने काही चुकीचं केलं नव्हतं, कॅमेरा जपून बॅगेत, बॅग कपाटात, कपाट बंद. आपल्याकडे नेमकं हेच होतं. स्पंजची बॅग ओल धरते, कपाटात हवा फिरत नाही, काळोख असतो आणि चार महिने पाऊस. चामड्याच्या चपलेला जी बुरशी येते तीच काचेला येते, फरक एवढाच की चप्पल पुसता येते आणि काचेवरचं कोटिंग बुरशीने एकदा खाल्लं की साफ केल्यावरही डाग राहतो.

लोक सांगतात एका लेन्सची बुरशी दुसरीला लागते. बुरशीचे बीजाणू तर हवेत सगळीकडे असतातच, त्यांना वाढवते ती ओल. तरी मी अशी लेन्स माझ्या डब्यात ठेवणार नाही. नको म्हणून सांगून आले.

९ सप्टेंबर

गणपती. उद्या गौरी. मुंबईचा दादा आलाय आणि त्याच्याकडे निकॉन डी३२०० आहे, २०१२ चं मॉडेल, २४ मेगापिक्सल. रात्रीच्या आरतीला मी तोच घेऊन फिरले, पहिल्यांदाच डीएसएलआर हातात. समईच्या उजेडात आज्जीचा हात आरतीच्या ताटावर, असा एक फोटो बरा आला, बाकी हललेले.

दादा म्हणाला १२,००० ला घे, घरातलाच आहे. खरंच मोह झाला. निकॉनमध्ये एक सोय आहे की शटर (फोटो काढताना उघडमीट होणारा आतला पडदा) किती वेळा उडालंय तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच असतो, वाचला तर ३८,००० च्या आसपास निघाला, आणि या मॉडेलचं शटर १ लाखापर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे भरपूर आयुष्य शिल्लक. पण अडलं लेन्सवर. या बॉडीत फोकसची मोटर नाही. निकॉनची जी स्वस्तातली जुनी ५० एमएम एफ १.८डी आहे तिच्यात पण मोटर नाही, ती फिरवणार बॉडी असते, त्यामुळे इथे फोकस हाताने करावा लागणार. नाचणाऱ्या माणसावर अंधारात हाताने फोकस मला जमणार नाही. मोटरवाली ३५ एमएम एफ १.८जी चालते पण ती जुनीसुद्धा मला परवडणाऱ्यातली दिसत नाहीये. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत असते, म्हणून त्यांची स्वस्त ५० एमएम कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर फोकस करते. माझ्यापुरता प्रश्न तिथे सुटला. निकॉन वाईट असं अजिबात नाही, दिवसाउजेडी फोटो काढायचे असते तर आजच घेतला असता.

दादा जरा नाराज झाला. त्याला आकडे काढून दाखवले, मग म्हणाला बरं.

२३ सप्टेंबर

जाहिरातीतला एक माणूस, स्वतःला फौजी म्हणवतो, बदली झालीय म्हणून कॅमेरा निम्म्या किमतीत, आधी २,००० पाठवा, कुरिअर करतो. मग एक क्यूआर कोड पाठवला, स्कॅन केलं की तुमचे पैसे परत दिसतील म्हणे. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही, पतपेढीत आम्ही दिवसाला दहा जणांना हे सांगतो. ब्लॉक केला. वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा, आज लेन्स आली! सावंतवाडीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने मिररलेस घेतलाय, म्हणून त्याची कॅनन ५० एमएम एफ १.८ एसटीएम त्याने ५,५०० ला दिली.

ही २०१५ ची आवृत्ती. हिच्या आधीची १९९० ची होती तिचा मागचा माउंट (कॅमेऱ्यात अडकवायची कडी) प्लास्टिकचा, हिचा धातूचा, त्यावरून लगेच ओळखता येते. टॉर्च मारला, आत दोन-तीन धुळीचे कण, तंतू एकही नाही. धूळ चालते, फोटोत दिसत नाही. मग त्याच्या कॅमेऱ्याला लावून जवळ-लांब, जवळ-लांब असं वीसेक वेळा फोकस करून बघितलं. या लेन्सचा पुढचा नळा फोकस करताना बाहेर येतो, तो कुठे आपटला की मोटरवर येतं, म्हणून नळा सरळ आत-बाहेर होतो का, मधे अडकून किरकिरतो का, ते कान लावून ऐकलं. फोकसची रिंग बंद कॅमेऱ्यावर फिरवली तर काहीच होत नाही, मी घाबरले, पण ती तशीच असते, तिला वीज लागते. वाळूची करकर नाही ना हे मात्र रिंग सावकाश फिरवून हाताला बघायचं. किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये वाळू हमखास सापडते.

बॉडी नाही आणि लेन्स घरात. आई म्हणाली, "बैलाचो पत्तो नाय आणि दावा घेऊन इलंस." पण या खेपेला दाव्यावरूनच बैल ठरणार आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या दिवा पॅसेंजरने रत्नागिरी. कॅनन ७००डी. २०१३ चं मॉडेल, १८ मेगापिक्सल. १२००डी माझ्या डोक्यात होता, तो स्वस्त पडतो, पण त्याच्या नऊ फोकस पॉइंटपैकी फक्त मधला क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारा) आहे, ७००डीचे नऊच्या नऊ क्रॉस. अंधारात बाजूच्या पॉइंटवर फोकस शोधत बसणार नाही, एवढ्यासाठी मी दोन हजार जास्त द्यायला तयार झाले.

विकणारा मुलगा पुण्याला नोकरीला निघालाय. बिल होतं, २०१५ चं, त्याच्याच वडिलांच्या नावावर, बिलावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर जुळवला. जुळत नसता तर तिथूनच परत फिरले असते, कोणाची चोरीची वस्तू घरात नको.

मग त्याच्या अंगणात, भर उजेडात, अर्धा-पाऊण तास बघितलं. त्याच्या आईने दोनदा विचारलं की अजून झालं नाही का. आधी धातू, कारण खारी हवा पहिली धातूवर दिसते. फ्लॅश जिथे सरकवतात ती वरची पट्टी, पट्टा अडकवायच्या कड्या, बुडाचे स्क्रू. एका स्क्रूला तांबूस ठिपका, बाकी स्वच्छ. बॅटरीच्या खणात आतले पितळी टोक हिरवे झालेत का ते टॉर्चने बघितलं, नव्हते. रबर सुटलेलं नाही. सगळी बटणं एकेक करून दाबली, स्क्रीन उघडून उलटी-सुलटी फिरवली, माझं कार्ड घालून फोटो काढले.

सेन्सरसाठी त्याच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ २२ वर, फोकस मुद्दाम बिघडवून. मोठ्या भोकाला धूळ लपते, लहान भोकाला काळा ठिपका होऊन दिसते. तीन ठिपके दिसले, हवेच्या फुग्याने दोन उडाले, एक राहिला. चालेल. मग झाकण लावून दहा सेकंदांचा फोटो, काळ्यात रंगीत टिंब चमकतात का ते बघायला, दोन-चार दिसली, इतकी असतातच. शटरचा आकडा मात्र कॅननमध्ये फोटोच्या फाइलमधून निघत नाही, आणि फाइलच्या नावातला नंबर ९९९९ झाला की परत ०००१ होतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुलाला सरळ विचारलं, म्हणाला कॉलेजचे कार्यक्रम आणि घरचे गणपती. बटणांवरची अक्षरं, ग्रिपचा दाणा शाबूत, त्यावरून पटलं.

शेवटी माझी लेन्स लावली. टक करून बसली, आणि त्याच्या दारातल्या जास्वंदीवर फोकस झाला.

१६,५०० सांगितले होते. दोन बॅटऱ्यांपैकी एक दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची आणि फुगलेली, ती घेणार नाही म्हटलं, आणि १४,५०० ला १८-५५ सकट ठरलं. भिशी तिथे संपली, कार्डाचे आणि डब्याचे पैसे पगारातून.

३० ऑक्टोबर

डबा. हा माझ्या मते कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि यावर कोणी पैसे घालत नाही. रबराची कड असलेला मोठा हवाबंद प्लास्टिक डबा, आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणि सिलिका जेलच्या पुड्या. मीटर खोलीत ठेवलं तर ८१ टक्के! डब्यात घालून सकाळी बघितलं तर ४६. चाळीस ते पन्नासच्या मधे हवं, साठच्या वर गेलं की बुरशीचं फावतं, आणि अगदीच सुकवायचं पण नाही.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घेतलं, ओल प्यालं की हिरवं होतं. निळं मिळतं ते गुलाबी होतं पण त्यात कोबाल्ट असतं, ते विषारी, आणि परत सुकवायला ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवणारे लोक मी बघितलेत, कृपा करून तसं करू नका. तांदळात ठेवायचा सल्ला पण बऱ्याच जणांनी दिला, तांदळाने मीटर फारसं हललं नाही आणि पिठूळ धूळ मात्र आत शिरते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काल त्रिपुरारी पौर्णिमा झाली, जत्रांचे दिवस आले. काकांची नाटक कंपनी बाहेर पडली.

रोज रात्री जेवणं झाल्यावर सराव. आईला ट्यूबखाली उभी करून फोटो काढले तर फोटोवर आडवे पट्टे, एक उजळ एक पिवळट, मला वाटलं कॅमेरा बिघडला, रात्री झोप नाही. तर कारण असं की आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/२०० सेकंदावर ठेवलं की कॅमेऱ्याला त्यातला अर्धाच तुकडा मिळतो. १/१०० ला एक पूर्ण फेरा मिळतो आणि पट्टे गायब. १/५० ला पण जातात, पण मग माणूस हलतो.

दुसरा शोध गेल्या वर्षीच्या पांढऱ्या फटक तोंडाचा. मागे काळोख असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारात आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि सफेदा लावलेलं तोंड जळून जातं. आता सगळं हाताने ठेवते, १/१००, एफ २, आयएसओ १६००, आणि गरजेप्रमाणे आयएसओ तेवढा हलवते. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने रंग पक्का न केलेली कच्ची फाइल), कारण रंगीत एलईडीखाली साडीचा रंग कुठला होता ते नंतरच ठरवता येतं.

पण १/१०० ला युद्धनृत्यात हात फराटाच होणार. यावर काकांनीच उत्तर दिलं. म्हणाले, पखवाजावर कान ठेव, समेवर आम्ही थांबतो, तेवढा वेळ तुझा. (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.) मी आता कंपनीचं जुनं रेकॉर्डिंग लावून नुसतं बोटाने बटण दाबायचा सराव करतेय.

६ डिसेंबर

काल जत्रा. आज रजा घेतलीय, तरी झोप येत नाही म्हणून लिहितेय.

देवीची ओटी भरली, केळी ठेवली, पालखी फिरली, आणि साडेबाराला वेषभूषेचा पेटारा उघडला. कंपनीच्या मालकांना आधीच विचारून ठेवलं होतं, फ्लॅश अजिबात मारणार नाही हे सांगितलं, तेव्हा पुढे बसायला दिलं. रंगमंचापासून पाच मीटरवर कॅमेरा उभा धरला की सव्वादोन मीटर उंची मावते, म्हणजे मुकुटापासून पायापर्यंत माणूस नीट बसतो, हे घरी अंगणात मोजून आले होते, ते उपयोगी पडलं. बाकड्यावर बसलेला राजा, त्याच्यासमोर काका द्रौपदीच्या वेषात, आणि समेवर खरंच ते थांबतात! इतकी वर्षं नाटक बघतेय, ती अर्ध्या सेकंदाची जागा मी कधी बघितलीच नव्हती.

४१७ फोटो काढले. साठेक चांगले. फोकस चुकलेले बरेच, एफ २ ला नाकावर बसला तर कान सुटतो.

पण जो फोटो मला हवा होता तो नाटकाचा नाहीच. नाटकाच्या आधी, देवळामागच्या पडवीत, एक एलईडी बल्ब, पत्र्याची पेटी उघडी, तिच्या झाकणाला आरसा टेकवलेला, आणि काका रंगायला बसलेले. अर्धं तोंड सफेद झालेलं, अर्धं अजून काकांचं, दाढीचे खुंट दिसतायत. काजळाची काडी डाव्या भुवईवर. श्वास रोखलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी एकच काढला आणि बाहेर आले.

घरी येऊन आधी कॅमेरा कोरड्या मऊ फडक्याने पुसला, देऊळ समुद्रापासून हाकेवर आहे, रात्रभरात कातडीवर पण मीठ बसतं, मग डब्यात. मीटर ४८.

१० डिसेंबर

कुडाळला प्रिंट काढला, १२ बाय १८ इंची. १८ मेगापिक्सल म्हणजे लांब बाजूला ५१८४ ठिपके, १८ इंचात भागले तर इंचाला २८८ येतात, भरपूर झाले. जवळ जाऊन बघितलं तरी काजळाची काडी स्पष्ट दिसते.

काकांच्या हातात दिला. बराच वेळ बघत होते, चष्मा काढून, परत लावून. काकी रडायला लागली. काका म्हणाले, "गो बाय, ही भुवय वाकडी आसा. तेव्हाच सांगूक व्हया होता." मग अजून थोडा वेळ बघून, "३० वर्सां अशीच काढतंय वाटता मी."

१४ डिसेंबर, शनिवार

शेजारच्या गावात प्रयोग. पडवीत गेले तर काकांनी रंगायच्या आधी मला बोलावलं आणि कॅमेऱ्यातला तो फोटो मोठा करून धरायला सांगितला. मी आरशाच्या बाजूला स्क्रीन उलटी फिरवून धरून बसले. त्यांनी डावी भुवई काढली, बघितली, ओल्या फडक्याने पुसली आणि परत काढली.